नर कोळी फिरायला निघतो तेव्हा

मुलांनो, आज सुरुवात एका कोड्याने करू. ऑस्ट्रेलियात सिडनी शहराच्या आसपास एक काळा कोळी राहतो. तो माणसाला नीट चावला आणि वेळेवर उपचार मिळाले नाहीत, तर माणूस काही तासांत दगावू शकतो. तोच कोळी सशाला चावला, तर सशाला त्याचं फारसं काही वाटत नाही. कुत्र्या-मांजरांचंही जवळपास तसंच. माणूस सशापेक्षा केवढा मोठा! मग विष मोठ्याला भोवतं आणि छोट्याला भोवत नाही, हे कसं काय?

उत्तर शोधताना आपल्याला कुणाच्या तरी बुटात डोकवावं लागेल, पोहण्याच्या तलावाच्या तळाशी जावं लागेल आणि वाटेत आपल्या महाडलाही एक चक्कर मारावी लागेल. हातात बॅटरी असू द्या, कारण हा कोळी रात्रीचा फिरतो.

त्याचं नाव सिडनी फनेल-वेब. शास्त्रज्ञांनी १८७७ साली त्याचं नामकरण केलं, ॲट्रॅक्स रोबुस्टस. घरात राहायची त्याला मुळीच हौस नाही. त्याला लागते ओलसर, सावलीतली माती. दगडाखाली, कुजक्या ओंडक्याखाली, झुडपाच्या मुळाशी तो बीळ करतो, आतून त्याला रेशमाचं अस्तर लावतो आणि बिळाच्या तोंडापासून चहूबाजूंना जमिनीवर धागे पसरून ठेवतो. रात्र झाली की मादी तोंडाशी येऊन बसते. एखादं झुरळ किंवा भुंगा धाग्याला अडखळला की तिच्या पायांना ते कळतं. ती झडप घालते आणि शिकार घेऊन आत जाते. कित्येक माद्या दहा-दहा वर्षं अशा एकाच बिळात काढतात.

आता जरा जवळून बघू. शरीर १ ते ५ सेंटीमीटर. डोक्याकडचा भाग काळा कुळकुळीत, त्यावर केस नाहीत, त्यामुळे तो तकतकतो. गंमत आहे ती विषदंतांत. आपल्या भिंतीवरच्या कोळ्याचे विषदंत आडवे असतात आणि एकमेकांकडे मिटतात. याचे दोन्ही दात समांतर, खाली वळलेले. त्यामुळे चावण्याआधी त्याला अंगाचा पुढचा भाग वर उचलावा लागतो. कुणी डिवचलं की तो तसाच उभा राहतो. पुढचे पाय हवेत, दात उघडे आणि दोन्ही दातांच्या टोकांवर विषाचा एकेक थेंब. हा थेंब लक्षात ठेवा, पुढे आपल्याला तो लागणार आहे.

मादी घराबाहेर पडत नाही, म्हणजे माणसांची गाठ तिच्याशी क्वचितच पडते. त्रास होतो तो नराचा. मोठा झाला की नर आपलं बीळ कायमचं सोडतो आणि मादीच्या शोधात भटकायला लागतो. आपल्याकडे थंडी असते तेव्हा तिकडे उन्हाळा असतो. त्या उन्हाळ्यात आणि त्यानंतरच्या काही आठवड्यांत, विशेषतः पाऊस पडून गेल्यावर, हे नर रात्रभर चालत असतात. चालता चालता दाराखालच्या फटीतून घरात शिरतात. उजाडलं की त्यांना अंधारी, गार, दमट जागा हवी असते. अशा जागा कोणत्या? व्हरांड्यात काढून ठेवलेला बूट, न्हाणीघरात जमिनीवर टाकलेला टॉवेल, धुवायच्या कपड्यांचा ढीग.

सिडनीत मराठी कुटुंबं बरीच आहेत. तुमचे काका किंवा मावशी तिथे असतील तर पुढच्या व्हिडिओ कॉलवर त्यांना विचारून बघा, बाहेर ठेवलेले बूट पायात घालण्याआधी झटकता की नाही? तिथल्या मुलांच्या हे अंगवळणी पडलेलं असतं. बूट उलटा करायचा, आपटायचा, मगच पाय घालायचा. बागेत काम करताना जाड हातमोजे, आणि तेही आधी झटकून. जमिनीवर कपडे टाकायचे नाहीत, पांघरूण पलंगावरून खाली लोंबू द्यायचं नाही. या कोळ्याला गुळगुळीत पृष्ठभागावर चढता येत नाही, त्यामुळे एवढं केलं तरी बरंच काम होतं.

पोहण्याच्या तलावाचं मात्र वेगळं आहे. भटकणारा नर कधी कधी पाण्यात पडतो आणि तळाशी जाऊन निपचित पडतो. मेला असं वाटतं. पण त्याच्या पोटावरच्या केसांत हवेचा बुडबुडा अडकलेला असतो आणि त्या हवेवर तो चोवीस तास किंवा त्याहूनही जास्त तग धरू शकतो. म्हणून तळाशी पडलेल्या कोळ्याला हात लावायचा नाही. मोठ्या माणसाला हाक मारायची, ते लांब दांड्याच्या जाळीने त्याला काढतात.

आता कोड्याकडे वळू. नराचं विष माणसासाठी मादीच्या विषापेक्षा कितीतरी जहाल असतं. नर भटकतो तेव्हा तो फारसं खातही नाही. मग इतकं जहाल विष त्याला हवं कशाला? ऑस्ट्रेलियातल्या शास्त्रज्ञांनी २०२० साली याचं उत्तर मांडलं. बिळात बसलेल्या मादीचं काम किड्यांपुरतं असतं. उघड्यावर चालणाऱ्या नराला पक्षी, सरडे आणि उंदरासारखे छोटे प्राणी खायला टपलेले असतात. त्यांना झोंबेल असं विष ज्या नरांकडे होतं ते वाचले, त्यांना पिल्लं झाली, आणि लाखो वर्षांत ते विष त्या दिशेने घडत गेलं. माणूस या हिशेबात कुठेच नव्हता. ऑस्ट्रेलियात माकडं कधीच नव्हती आणि माणूस तिथे पोचला तो सुमारे ५०,००० वर्षांपूर्वी. कोळ्यांच्या मानाने तो कालचा पाहुणा! केवळ योगायोग असा, की माणूस आणि माकड यांच्या नसा या विषापुढे फारच हळव्या निघाल्या. सशाच्या तशा नाहीत.

नसांमध्ये होतं काय? आपल्या नसांतून निरोप धावतात ते विजेच्या बारीक लहरींनी. त्यासाठी नसेच्या आवरणातली अगदी सूक्ष्म दारं क्षणभर उघडतात, सोडियम आत शिरतो आणि दारं मिटतात. हे विष त्या दारांना धड मिटूच देत नाही. दारावरच्या बेलचं बटण आत अडकून बसावं आणि बेल वाजतच राहावी, तसं. मग सगळ्या ग्रंथी आणि स्नायूंना एकदम निरोप जातात. घाम फुटतो, लाळ आणि डोळ्यांतून पाणी वाहतं, ओठ आणि जीभ थरथरतात, रक्तदाब चढतो, फुफ्फुसांत पाणी साठू लागतं.

कोकणातल्या कुठल्याही आजीला हे वर्णन ऐकवा, ती म्हणेल, अरे, हे तर लाल विंचवासारखं! आणि आजीचं बरोबर आहे. लाल विंचवाचं विषही नसांतल्या याच दारांशी खेळतं. भरपूर घाम, गार पडलेले हातपाय, छातीत पाणी, सगळं तसंच. रायगड जिल्ह्यातल्या महाडला डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचू चावलेले रुग्ण रात्रंदिवस उशाशी बसून तपासले आणि १९८०च्या दशकात रक्तदाबावरचं प्राझोसिन हे साधं, स्वस्त औषध या रुग्णांना वाचवतं, हे दाखवून दिलं. त्यांचे लेख ‘लॅन्सेट’ या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात छापून आले, आणि २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. एवढ्या दूरच्या दोन प्राण्यांनी एकाच दाराची कडी शोधून काढावी, याचं मला फार नवल वाटतं.

सिडनीतही असाच एक हट्टी डॉक्टर होता का? होता, पण मेलबर्नमध्ये! डॉ. स्ट्रुअन सदरलँड. त्यांनी दोन मोठ्या गोष्टी केल्या. पहिली एका साध्या पट्टीची. विष बहुतेक करून लसीकावाहिन्या नावाच्या शरीरातल्या बारीक नळ्यांतून पसरतं आणि स्नायू हलले की पुढे ढकललं जातं. मग त्या दाबल्या आणि हातपाय हलूच दिला नाही तर? १९७०च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी ही पद्धत मांडली. रुंद, ताणली जाणारी पट्टी घ्यायची, चावलेल्या जागेवरून सुरू करून सगळा हात किंवा पाय घट्ट गुंडाळायचा, काठी बांधून तो स्थिर ठेवायचा आणि रुग्णाला अजिबात चालू द्यायचं नाही. ऑस्ट्रेलियात ००० हा नंबर फिरवायचा आणि रुग्णवाहिकेची वाट बघायची. जखम चिरायची नाही, चोखायची नाही, करकचून दोरी बांधायची नाही. प्रत्येक चाव्यात भरपूर विष जातंच असं नाही, पण हे आधी कळायला मार्ग नसतो. म्हणून फनेल-वेबच्या प्रत्येक चाव्यासाठी धावपळ करायची.

दुसरी गोष्ट म्हणजे प्रतिविष. इथे आपला ससा परत येतो. सशाला या विषाचं फारसं काही होत नाही, मग त्यालाच थोडंथोडं विष टोचत गेलं तर? त्याच्या रक्तात विषाला निकामी करणारी प्रतिद्रव्यं तयार होतात. ती वेगळी काढून शुद्ध केली की झालं माणसाचं औषध. १९८१ साली ते रुग्णांना मिळू लागलं. त्याआधी या कोळ्याने १३ जणांचा जीव घेतल्याची नोंद आहे, त्यांत लहान मुलंही होती. १९८१नंतर एकही मृत्यू नोंदला गेलेला नाही. एकही नाही! विज्ञानाची मला आवडणारी गोष्ट कुठली, असं कुणी विचारलं तर मी ही सांगेन.

ऑस्ट्रेलियाच्या परसातला दुसरा प्रसिद्ध कोळी म्हणजे रेडबॅक. ही मादी जेमतेम १ सेंटीमीटरची, काळी, पाठीवर लाल पट्टा. नर ३-४ मिलिमीटरचा, दिसतो न दिसतो असा. रेडबॅक कोरड्या जागी राहते. टपालपेटीत, कुंडीच्या काठाखाली, सायकलच्या हेल्मेटमध्ये, आणि पूर्वी खेड्यांत घरामागे संडास असत तेव्हा त्यांच्या बैठकीखाली. तिचं जाळं बघण्यासारखं असतं. वरती धाग्यांचा गुंता, तिथे ती लपते. गुंत्यातून खाली जमिनीपर्यंत ताणलेले उभे धागे, आणि प्रत्येकाच्या पायथ्याशी चिकट डिंकाचे थेंब. मुंगी डिंकाला चिकटली आणि धडपडली की धागा जमिनीपासून तुटतो. ताणलेला असल्यामुळे तो वर आखडतो आणि मुंगी हवेत उचलली जाते! मग बाई खाली उतरतात, मागच्या पायांनी तिच्यावर चिकट रेशीम फेकतात आणि बांधून टाकतात.

रेडबॅक चावली तर पट्टी बांधायची नाही. तिचं विष सावकाश चढतं, आणि दाब दिला की दुखणं वाढतं. बर्फाची पिशवी ठेवायची आणि दवाखाना गाठायचा. तिच्यावर १९५६पासून घोड्यांपासून बनवलेलं प्रतिविष आहे. पण २०१४ साली २२४ रुग्णांची तपासणी प्रसिद्ध झाली, तेव्हा वेदनाशामक औषधांच्या जोडीला प्रतिविष देऊन फारसा जास्त फायदा होत नाही, असं दिसलं. इतकी वर्षं वापरलेलं औषधसुद्धा डॉक्टर पुन्हा तपासून बघतात, ते असं.

सगळ्या कोळ्यांना मात्र एका माळेत ओवू नका. शेपटीवर पांढरा ठिपका असलेल्या एका कोळ्याची ऑस्ट्रेलियात फार बदनामी झाली होती. तो चावला की मांस सडतं म्हणे. २००३ साली संशोधकांनी त्याचे नक्की ओळखलेले १३० चावे तपासले. सडलेली जखम एकातही सापडली नाही. आपल्या घरात भिंतीवर रात्री दिसणारा मोठा, चपटा, तपकिरी कोळी असतो ना, पोटाशी पांढरी चकती धरून फिरणारा? ती मादी असते आणि चकतीत तिची अंडी असतात. ती झुरळं खाते. तिला केरसुणीने मारू नका. पेला उपडा ठेवा, खालून जाड पुठ्ठा सरकवा आणि मोठ्यांच्या मदतीने बाहेर सोडा.

आणि आता तो विषाचा थेंब. प्रतिविष करायला विष लागतं, विषाला नर लागतात, आणि नर असतात लोकांच्या अंगणात. सिडनीच्या उत्तरेला सोमर्सबी इथे ऑस्ट्रेलियन रेप्टाइल पार्क आहे. ते लोकांना सांगतं, मारू नका, आम्हाला आणून द्या. मोठी माणसं लांब चमच्याने कोळ्याला काचेच्या बरणीत ढकलतात, आत थोडी ओली माती घालतात, झाकण लावतात आणि ठरवून दिलेल्या केंद्रावर पोचवतात. मुलांनी फक्त लांबून बोट दाखवायचं. पार्कमधले कर्मचारी कोळ्याला किंचित डिवचतात, तो ऐटीत उभा राहतो, आणि ते बारीक काचेच्या नळीने दातांवरचा थेंब ओढून घेतात. थेंब इतका इवलासा असतो, की औषधाच्या एका कुपीसाठी हे काम शंभराहून जास्त वेळा करावं लागतं.

याच कामातून २०२५ साली एक नवीन गोष्ट निघाली. न्यूकॅसल शहराजवळचे नर जरा जास्तच मोठे असतात, हे या पार्कमध्ये पूर्वी कोळी सांभाळणाऱ्या केन क्रिस्टेन्सन यांच्या लक्षात आलं होतं. शास्त्रज्ञांनी शरीराची मापं आणि डीएनए तपासला, तेव्हा ज्याला सगळे एकच जात समजत होते त्या तीन जाती निघाल्या. न्यूकॅसलच्या थोराड जातीला क्रिस्टेन्सन यांचंच नाव मिळालं, ॲट्रॅक्स क्रिस्टेन्सेनी. आणि सशापासून केलेलं ते औषध तिच्यावरही चालतं.