पुडक्यांची वाटचाल

टोरांटोस असलेला मुलगा बोलतां बोलतां मध्येंच मुकाट होतो, अर्धे शब्द गिळतो, याचें आमच्या वहिनींस फार वाईट वाटे. 'सुनेसमोर मोकळेपणीं बोलवत नसेल,' असा अर्थ त्यांनीं काढला, आणि ऐन दिवाळींत चार दिवस त्या फोनजवळ फिरकल्या नाहींत. वास्तविक दोष मुलाचा नव्हता. सुनेचा तर नव्हेच. 'पॅकेट' या एका शब्दाचा अर्थ कळला असता तर एवढा सल राहता ना.

जुन्या टेलिफोनांत दोघे बोलूं लागले कीं मधली वाट त्यांच्याकरितां अडकून राही. ते गप्प बसले तरी ती तिसऱ्यास मिळत नसे. संगणकांचें संभाषण मात्र क्षणभर धो धो, मग बराच वेळ मौन, अशा तऱ्हेचें. त्यासाठीं वाट अडविणें हा निव्वळ अपव्यय. म्हणून १९६५ च्या सुमारास इंग्लंडांतील नॅशनल फिजिकल लॅबोरेटरीचे डोनाल्ड डेव्हिस यांनीं संदेशाचे लहान तुकडे करून, प्रत्येकावर पत्ता घालून, ते मोकळ्या वाटेनें धाडण्याची योजना मांडिली. अमेरिकेंत पॉल बॅरन यांसहि ही कल्पना स्वतंत्रपणें सुचली होती. ते तुकड्यांस 'मेसेज ब्लॉक' म्हणत. डेव्हिस यांनीं भाषातज्ज्ञाचा सल्ला घेऊन, परभाषांतहि सहज उतरेल असा 'पॅकेट' हा शब्द निवडला.

२९ ऑक्टोबर १९६९ रोजीं अमेरिकेंतील आर्पानेटवर पहिला संदेश निघाला. 'लॉगिन' हा शब्द धाडावयाचा होता. दोनच अक्षरें पोंचलीं आणि यंत्र बंद पडलें. वहिनींच्या मुलाचें याहून पुष्कळच बरें चाललें आहे!

वाटेंत ठिकठिकाणीं 'राउटर' असतात. त्यांस आम्ही वाटाडे म्हणूं. पत्ता वाचून ते तुकडा पुढें धाडतात. गर्दी झाली तर कांहीं तुकडे रखडतात, कांहीं गळतात. पत्राचा तुकडा गळाला तर तो पुन्हा मागवितां येतो. बोलण्याचें तसें नाहीं. उशिरां आलेलें अक्षर मागल्या वाक्यांत घुसडून काय उपयोग? तें टाकूनच द्यावें लागतें, आणि ऐकणाऱ्यास मुलगा गप्प झालासा वाटतो.

हें सर्व आम्ही वहिनींस समजावीत होतों तेव्हां 'पॅकेट'ला 'संपुट' असा प्रतिशब्द मोठ्या ऐटींत योजिला होता. नात म्हणाली, "आजोबा, सरळ पुडकें म्हणा ना!" संस्कृताचा अभिमान क्षणभर दुखावला खरा, पण डेव्हिस यांस हवा होता तो शब्द वाण्याच्या दुकानांत आयता पडलेला होता.

आतां आवाज तुटला कीं वहिनी "पुडकें राहिलें रे वाटेंत, पुन्हा सांग," असें म्हणतात, आणि मुलगा पुन्हा सांगतो.