वजनकाटा हलत नाही म्हणून चालणं सोडताय? थांबा, आधी टेप घ्या

पनवेल हे हार्बर लाईनचं पहिलं स्टेशन. त्यामुळे करंजाडेतून रिक्षा पकडून वेळेत स्टेशन गाठलं, की लोकलमध्ये बसायला जागा मिळण्याची शक्यता बरी असते. मधल्या स्टेशनांवर चढणाऱ्यांना हेवा वाटावा असं हे सुख.

पण जरा हिशोब करा. सीएसएमटीपर्यंत सव्वा तासाच्या वर बसून. ऑफिसात आठ-नऊ तास बसून. परतताना जागा मिळाली तर पुन्हा बसून. घरी येऊन साडेनऊला जेवण आणि मग मोबाईल घेऊन सोफ्यावर, अर्थात बसूनच. सिडकोच्या या नोडमध्ये कुठल्याही बिल्डिंगमध्ये जा, असा एक तरी माणूस भेटतो. हातपाय बारीक, चेहरा बारीक, फक्त शर्टाच्या खालच्या दोन बटणांवर ताण. वजन विचाराल तर सांगेल ६८ किलो, "म्हणजे नॉर्मलच की!"

मग एक दिवस रिपोर्टमध्ये शुगर सीमारेषेवर येते किंवा सोनोग्राफीत फॅटी लिव्हर निघतं. चालायला सुरुवात होते. तीन आठवडे नेटाने चालून झाल्यावर काट्यावर उभं राहावं, तर ६८ चे ६७.६. "काय उपयोग?" म्हणत बूट परत कपाटात जातात.

गडबड नेमकी इथेच होते. कारण त्या तीन आठवड्यांत जे बदलायला लागलं, ते काट्यावर दिसणारं नव्हतंच.

हे समजून घ्यायला पुण्याला जावं लागेल. केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांचा एक फोटो २००४ साली ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. दोघेही सडपातळ. उंची-वजनाच्या गणितातून निघणारा बीएमआय दोघांचाही अगदी सारखा, २२.३. पण मशीनवर चरबी मोजली, तर युडकिन यांच्या शरीरात ती ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. काटा म्हणतो दोघे सारखे आणि मशीन म्हणतं एकाच्या अंगात दुपटीहून जास्त चरबी. दोघांच्या आडनावांची इंग्रजी आद्याक्षरं सारखी असल्यामुळे हे ‘वाय-वाय पॅराडॉक्स’ म्हणून जगभर ओळखलं गेलं.

याज्ञिक यांच्या टीमने त्याआधी पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर बायांचा आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास सुरू केला होता. तिथली नवजात बाळं सरासरी २.७ किलोची भरली, तर इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची बाळं ३.५ किलोची. आपली बाळं सगळ्याच बाबतीत लहान असायला हवी होती. तशी ती होतीही. स्नायू कमी, पोटातले अवयव लहान. पण चामडीखालची चरबी मात्र त्या मानाने टिकून होती. म्हणजे दिसायला बारीक आणि आतून चरबीवान हा आपला साचा जन्मापासूनच दिसतो. म्हणून भारतीयांसाठी मापंही वेगळी ठेवली आहेत. बीएमआय २३ पासूनच जास्त वजन धरतात, आणि कंबर पुरुषांची ९० सेंटिमीटर व बायकांची ८० सेंटिमीटर ओलांडली की धोका मानतात.

आता मूळ प्रश्न. पोटावरची आणि पोटातली चरबी यात फरक काय?

चिमटीत पकडता येते ती चामडीखालची चरबी. दिसायला तीच नकोशी वाटते, पण तुलनेने ती गरीब असते. दुसरी पोटाच्या स्नायूंच्या आत, आतड्यांवर पडद्यासारखी आणि अवयवांच्या भोवती साठते. हीच व्हिसरल फॅट. ती चिमटीत येत नाही. पोट पुढे आलेलं आणि हाताला घट्ट लागतं, तिथे बऱ्याचदा हिचाच भाग मोठा असतो.

हिचा त्रास जागेमुळे होतो. आतड्यांकडचं रक्त एका मोठ्या शिरेतून थेट यकृतात जातं आणि या चरबीतून सुटणारे फॅटी अ‍ॅसिड त्याच वाटेने यकृतावर जाऊन आदळतात. यकृतात चरबी साठायला लागते, इन्सुलिनचं ऐकणं कमी होतं, साखर आणि ट्रायग्लिसराइड वाढतात. शिवाय ही चरबी सूज वाढवणारी रसायनंही सोडते. डायबिटीस, बीपी आणि हार्ट अटॅकचे धागे इथे येऊन मिळतात.

"मग काढूनच टाकूया की," असं कुणी म्हणेल. तेही करून झालंय. २००४ मध्ये अमेरिकेतल्या एका अभ्यासात १५ लठ्ठ महिलांच्या पोटावरची सरासरी दहा किलोच्या आसपास चरबी लिपोसक्शनने ओढून काढली. दहा ते बारा आठवड्यांनी तपासलं, तर इन्सुलिनची संवेदनशीलता, बीपी, कोलेस्टेरॉल, कशातच सुधारणा नाही. कारण काढली ती चामडीखालची चरबी, आतली तिथेच होती.

याची उलटी बाजू जपानच्या सुमो पैलवानांत दिसते. एवढं अवाढव्य शरीर, तरी रोजच्या कसून मेहनतीमुळे त्यांची बरीचशी चरबी चामडीखाली असते आणि आतली त्या मानाने कमी. आखाडा सुटला आणि खाणं तसंच राहिलं, की चित्र पालटतं.

थोडक्यात, हालचाल थांबली की आतली चरबी वाढते. आणि हालचाल सुरू झाली की?

कॅनडातल्या संशोधकांनी २००० साली ५२ लठ्ठ पुरुषांवर तीन महिने प्रयोग केला. एका गटाने फक्त खाणं कमी केलं, एकाने फक्त व्यायाम केला, दोन्ही गटांचं वजन साधारण साडेसात किलो उतरलं आणि आतली चरबीही घटली. पण खरा मासा तिसऱ्या गटात गावला. त्यांना व्यायाम करायला लावला आणि जळालेल्या कॅलरी परत खायलाही लावल्या, म्हणजे वजन हलणारच नाही. वजन हललं नाहीच, पण पोटातली चरबी घटली. पुढे २०१६ मध्ये अशा बऱ्याच अभ्यासांचा एकत्र हिशोब मांडला गेला. वजन अजिबात कमी न होताही व्यायामाने आतली चरबी सुमारे ६ टक्के घटते आणि नुसत्या डाएटने जेमतेम १ टक्का, असं त्यात निघालं.

असं का होतं? आतल्या चरबीच्या पेशी अ‍ॅड्रेनॅलिनला पटकन दाद देतात. दम लागला, नाडी वाढली, की त्या साठा सोडायला लागतात. शिवाय काम करणारे स्नायू इंटरल्युकिन-६ नावाचं रसायन रक्तात सोडतात. डेन्मार्कमध्ये २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात लोकांना १२ आठवडे सायकल चालवायला लावली. काहींमध्ये या रसायनाचं काम औषधाने अडवलं होतं. दोघांनी घाम तेवढाच गाळला, पण औषध घेणाऱ्यांची आतली चरबी काही कमी झाली नाही.

मात्र क्रंचेस मारून पोट जात नाही. पोटाच्या व्यायामाने पोटाचे स्नायू मजबूत होतात, वरची किंवा आतली चरबी तिथूनच जळते असं नाही. शरीर चरबी कुठून उचलायची ते स्वतः ठरवतं. पोटाला घाम आणणारे पट्टे तर फक्त पाणी घालवतात, आणि ते एक ग्लास पाण्यात परत येतं. रील्समध्ये हे पट्टे विकणाऱ्यांना अर्थातच हे सांगायची घाई नसते.

मराठी घरात वजनाचा विषय निघाला की डॉ. जगन्नाथ दीक्षितांचं नाव निघतंच. दोनदाच जेवा आणि ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चाला, असा त्यांचा सल्ला. जेवणाच्या भागावर आहारतज्ज्ञांनी भरपूर वाद घातले आणि व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तर भाऊबंदकी झाली. चालण्याच्या भागावर मात्र फारसं कुणी भांडलं नाही, आणि लोकांनी सोडून दिला तो नेमका तोच भाग!

वेग महत्त्वाचा आहे. चालताना बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये, इतपत दम लागला पाहिजे. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं अशा हालचालीची आणि दोन दिवस ताकदीच्या व्यायामाची शिफारस करते. भारतीय तज्ज्ञांनी तर रोज ६० मिनिटं सांगितली आहेत. "दिवसभर घरकाम असतंच की," हे बायकांचं उत्तर खोटं नाही, पण त्यात थकवा येतो तसा सलग दम लागत नाही. मेनोपॉजनंतर चरबीचा मुक्काम मांड्यांवरून पोटाकडे सरकतो, तेव्हा हा फरक जास्त जाणवतो. ताकदीसाठी जिमच हवी असंही नाही. खुर्चीवरून हात न टेकता उठबस, भिंतीला टेकून पुशअप, भरलेल्या पाण्याच्या बाटल्या, एवढ्याने सुरुवात होते.

एक तास कुठून काढायचा हा प्रश्न करंजाडेकरांचा एकट्याचा नाही. पण तो सलगच हवा असं बंधन नाही. स्टेशनवरून येताना रिक्षा सोडून पायी आलं, तर त्यातला मोठा हिस्सा तिथेच निघतो. पनवेलच्या पावसात ते जमत नाही, तेव्हा बिल्डिंगचे जिने आहेत. गुडघे कुरकुरत असतील तर चढा जिन्याने आणि उतरा लिफ्टने.

खाण्याचं काय? वजन उतरवायचं असेल तर त्याला पर्याय नाही. एका वडापावाच्या साधारण ३०० कॅलरी आणि पाऊण तासाच्या झपाझप चालण्यात जळतात दोनशेच्या आसपास. चालून आल्यावर गाडीवर थांबलं की हिशोब उलटा. वजन पाच-सात टक्के जरी उतरलं, तरी आतली चरबी त्या प्रमाणापेक्षा जास्त घटते, हा त्यातला बोनस.

आणि वजन उतरलंच नाही तर? चेन्नईच्या संशोधकांनी सीमारेषेवर साखर असलेल्या ५३१ भारतीयांवर केलेला अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. रोज किमान अर्धा तास चालणं आणि खाण्यात बदल, एवढं करणाऱ्या गटात डायबिटीस होण्याचा धोका २८.५ टक्क्यांनी कमी निघाला. त्यांचं सरासरी वजन मात्र घटलं नव्हतं.

म्हणून काट्याऐवजी शिंप्याचा टेप घ्या. उभं राहा, शेवटची बरगडी आणि कमरेच्या हाडाचा वरचा काठ यांच्या मधोमध टेप धरा, श्वास सहज सोडा आणि मग आकडा वाचा. पोट आत ओढून मोजू नका, बघणारं कुणी नाही. आकडा उंचीच्या निम्म्यापेक्षा कमी हवा, म्हणजे १६५ सेंटिमीटर उंचीला साडेब्याऐंशीच्या आत. रोज मोजून काही हाती लागत नाही, महिन्यातून एकदा पुरे, शक्यतो सकाळी काही खाण्याआधी. छातीत दुखणं किंवा चढताना जास्त धाप लागणं असेल, इन्सुलिन किंवा शुगरच्या गोळ्या सुरू असतील, तर वेग वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारा, कारण व्यायामाने साखर एकदम खाली जाऊ शकते आणि तेव्हा गोळ्यांचा डोसही बदलावा लागतो.