परवानगी न विचारणारे जाळे
वर्ल्ड वाइड वेब आणि इंटरनेट ही नावे सर्रास एकाच अर्थाने वापरली जातात. इंटरनेट हे संगणकांचे जाळे. वेब ही त्यावर चालणारी, पानाला पान जोडणारी व्यवस्था, आणि ती बरीच नंतरची.

तिचा उगम जिनिव्हाजवळच्या सर्न या कणभौतिकीच्या प्रयोगशाळेत झाला. तेथे देशोदेशींचे शास्त्रज्ञ येत, काही वर्षे काम करत आणि परत जात. मागे राहिलेली माहिती कोणत्या संगणकावर, कोणत्या स्वरूपात पडली आहे याचा थांग लागत नसे. टिम बर्नर्स-ली या इंग्रज संगणकतज्ज्ञाने मार्च १९८९ मध्ये यावर उपाय सुचवणारे टिपण दिले. वरिष्ठ माइक सेंडल यांनी ते संदिग्ध पण रोमांचक असल्याचा शेरा मारला आणि काम चालू राहू दिले. १९९० च्या अखेरीस नेक्स्ट कंपनीच्या एका काळ्या संगणकावर पहिला ब्राउझर आणि पहिला सर्व्हर सुरू झाला. हा सर्व्हर आहे, बंद करू नका, अशी लाल शाईतली चिठ्ठी त्यावर चिकटवलेली होती. ती गंमत नव्हती. तेव्हाचे सगळे वेब त्या एका यंत्रात होते. त्या ब्राउझरमध्ये पाने वाचता येत, तशी लिहिताही येत. पुढच्या लोकप्रिय ब्राउझरांतून ही सोय गळाली, आणि वाचणारे वेगळे, लिहिणारे वेगळे अशी विभागणी झाली.

वेबची यंत्रणा तीन गोष्टींवर उभी आहे: प्रत्येक पानाचा पत्ता (यूआरएल), पान मागण्या-देण्याचे नियम (एचटीटीपी) आणि पान लिहिण्याची खूणभाषा (एचटीएमएल). ब्राउझर पत्त्यातल्या नावावरून संबंधित संगणकाचा क्रमांक शोधतो आणि पान मागतो. सर्व्हर साधा मजकूर पाठवतो. शीर्षक कोणते, दुवा कोणता, हे त्यातल्या खुणा सांगतात. चित्रांसाठी पुन्हा वेगळ्या मागण्या जातात. मूळ नियमांनुसार व्यवहार तेथेच संपतो आणि सर्व्हर मागणाऱ्याला विसरतो.

टेड नेल्सन यांच्यासारख्या आधीच्या कल्पकांना दोन्ही बाजूंनी जोडलेले, न तुटणारे दुवे हवे होते. बर्नर्स-ली यांनी तो हट्ट सोडला. दुवा एकतर्फी ठेवला, म्हणून दुसऱ्याच्या पानाकडे बोट दाखवायला कोणाची परवानगी लागेना. ते पान हलले की दुवा तुटतो आणि पडद्यावर ४०४ हा आकडा येतो. ही ढिलाई होती म्हणूनच वेब पसरू शकले.

दुसरे कारण पैशाचे. मिनेसोटा विद्यापीठाची गोफर ही प्रतिस्पर्धी व्यवस्था १९९३ च्या सुरुवातीला जोरात होती. विद्यापीठाने शुल्काची भाषा सुरू करताच लोक बिचकले. सर्नने ३० एप्रिल १९९३ रोजी वेबची प्रणाली सर्वांसाठी विनामूल्य खुली केली. त्याच वर्षी इलिनॉय विद्यापीठातून आलेल्या मोझेक ब्राउझरमध्ये मजकुराशेजारीच चित्रे दिसू लागली, आणि वेब प्रयोगशाळांबाहेर पडले.

भारतात विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केले. मराठीची अडचण वेगळीच होती. सुरुवातीच्या मराठी संकेतस्थळांचे फॉन्ट आपापले. तो फॉन्ट संगणकावर नसेल तर बातमीच्या जागी रोमन अक्षरांचा कचरा दिसे, आणि शोधयंत्रालाही त्यात मराठी सापडत नसे. प्रत्येक अक्षराला एकच ठरलेला क्रमांक देणारी युनिकोड पद्धत रुळल्यावर हा घोळ मिटला. मराठी विकिपीडिया २००३ मध्ये सुरू झाला. छापखाना, संपादक आणि वितरक यांच्याशिवाय मराठीत लिहिणे शक्य झाले, ही यातली सर्वांत मोठी गोष्ट.

सर्व्हरच्या विसरभोळेपणावर नेटस्केप कंपनीच्या लू माँटुली यांनी १९९४ मध्ये कुकी हा तोडगा काढला. ब्राउझरमध्ये ठेवलेल्या या छोट्या नोंदीमुळे खरेदीची टोपली लक्षात राहू लागली. पण एकाच जाहिरात कंपनीचा तुकडा हजारो पानांवर बसला, की तीच कुकी वाचकाचा माग काढते. पानांचे भाडे वाचकाने पैशात दिले नाही; ते अशा पाळतीतून वसूल झाले. सफारी आणि फायरफॉक्स यांनी अशा परक्या कुकी रोखल्या. गूगलने क्रोममधून त्या काढण्याचे २०२० मध्ये जाहीर केले, मुदती पुढे ढकलल्या आणि २०२४ मध्ये तो बेत सोडून दिला.