निरोगी रोपाची परीक्षा

निरोगी रोपाला जाणूनबुजून रोग लावणाऱ्या माणसाला विज्ञानाचा उपासक कसे म्हणावे, असा प्रश्न कोणाच्याही मनात येणे स्वाभाविक आहे. बेळगावच्या परिसरात टोमॅटो लावणाऱ्या शेतकऱ्याला तर तो अधिकच बोचेल. पाने आकसली, कडा वळल्या, झाड खुजे राहिले आणि फळधारणा खुंटली, म्हणजे ‘बोकड्या’ आला हे तो लांबूनही ओळखतो. हा पर्णगुच्छ रोग विषाणूमुळे होतो व पांढरी माशी त्याचा प्रसार करते. एकदा लागण झालेले झाड बरे करणारे औषध नाही. म्हणून खरा आधार रोगप्रतिकारक वाणाचाच.

परंतु एखादा वाण प्रतिकारक आहे हे ठरवावयाचे कसे? रोगग्रस्त शेतात काही झाडे हिरवीगार राहिली, एवढ्यावरून ती प्रतिकारक ठरत नाहीत. कदाचित त्यांच्यावर विषाणू घेऊन आलेली माशी बसलीच नसेल. परीक्षेत उत्तीर्ण झालेला विद्यार्थी आणि परीक्षेलाच न बसलेला विद्यार्थी यांत जो भेद, तोच येथे आहे. प्रत्येक रोपाला परीक्षेस बसविणे, हाच प्रयोगशाळेतील या खटाटोपाचा हेतू होय.

यातील सर्वांत जुनी रीत रसाची. हॉलंडमधील वाखेनिंगन येथे अडॉल्फ मायर यांनी तंबाखूच्या रोगट पानांचा रस निरोगी झाडांत घालून रोग संक्रमित होतो हे १८८६ मध्ये दाखविले. आज तंबाखूच्या मोझेक विषाणूची लागण टोमॅटोला करताना रोगट पान खलात, आम्लता स्थिर राखणाऱ्या द्रावणात वाटतात. निरोगी पानावर कार्बोरंडमची बारीक पूड भुरभुरून त्यावर हा रस हलक्या हाताने चोळतात व पान धुऊन टाकतात. वनस्पतीच्या पेशीची भिंत विषाणूला स्वतःहून भेदता येत नाही. पुडीच्या ओरखड्यांतून त्याला वाट मिळते. हात मात्र हलकाच हवा, कारण विषाणूला जिवंत पेशी लागते. पेशी मेली, तर त्याचाही मार्ग खुंटतो.

पर्णगुच्छाचे बहुतेक विषाणू या रीतीला दाद देत नाहीत. अन्नरस वाहून नेणाऱ्या आतल्या ऊतींत त्यांचा वास असतो. पानाच्या पृष्ठभागावर चोळून तेथवर पोहोचता येत नाही. तेथे माशीचीच मदत घ्यावी लागते. कपाशीसारख्या, या विषाणूची लागण न होणाऱ्या झाडावर विषाणूमुक्त माश्या वाढवितात. त्यांना साधारण एक दिवस रोगट टोमॅटोवर सोडतात, नंतर ठराविक संख्येने प्रत्येक रोपावर पिंजऱ्यात कोंडतात आणि पुढे कीटकनाशकाने मारून टाकतात.

तिसरी रीत आधुनिक आहे. ॲग्रोबॅक्टेरियम नावाचा मातीतील जिवाणू आपल्या डीएनएचा तुकडा वनस्पतीच्या पेशीत पोहोचवितो. त्या तुकड्यातच विषाणूचा डीएनए जोडला, तर माशीवाचूनही लागण होते.

या दोन रीती परस्परांची साक्ष तपासतात. टोमॅटोच्या काही रानटी भाऊबंदांच्या पानांवरील चिकट ग्रंथींमुळे माशी तेथे टिकत नाही. असे रोप माशीच्या परीक्षेत निरोगी राहील, परंतु जिवाणूच्या मार्गाने विषाणू आत गेल्यास आजारी पडू शकेल. म्हणजे त्याचा प्रतिकार माशीला आहे, विषाणूला नव्हे.

प्रत्येक प्रयोगाला पडताळणीची जोड हवी. काही रोपांना केवळ द्रावण चोळावयाचे, काहींवर विषाणूमुक्त माश्या सोडावयाच्या. तीही आजारी पडली, तर दोष अन्यत्र आहे. शेजारी हमखास बळी पडणारा वाण लावावयाचा. तोच निरोगी राहिला, तर प्रयोग रद्द. लक्षणे न दिसणाऱ्या रोपातही विषाणू लपलेला नाही ना, हे पानाच्या तपासणीने पाहावयाचे. आणि हे सर्व कीटकरोधक जाळीच्या आत, जेणेकरून प्रयोगातील रोग शेजारच्या शेतात जाऊ नये.

बेंगळुरूच्या कृषी विज्ञान विद्यापीठाने २००३ मध्ये नंदी, संक्रांती व वैभव हे पर्णगुच्छाला प्रतिकारक वाण प्रसारित केले. अशा वाणांच्या मागे माश्या मोजीत, पाने न्याहाळीत घालविलेले कित्येक हंगाम उभे असतात. शेतकरी बियाण्याच्या पुडीवर विश्वास टाकतो, तेव्हा त्याचे वर्षभराचे कष्ट पणाला लागलेले असतात. प्रयोगशाळेत सोपी परीक्षा घेतली, तर कठीण परीक्षा त्याच्या शेतात होते, आणि तेथे नापास होण्याची किंमत त्यालाच मोजावी लागते. रोपाला जाणूनबुजून रोग लावण्याचे समर्थन एवढेच, आणि ते पुरेसे आहे.