दोन कार्डे, एक स्वाक्षरी

सोलापूरच्या सात रस्त्यावर संध्याकाळी थोडा वेळ उभे राहून पाहा. एक रस्ता रेल्वे स्थानकाकडे जातो, एक रंगभवनाकडे, एक विजापूर रस्त्याला जाऊन मिळतो. आणि या साऱ्या रस्त्यांवरून पाठीवर दप्तर घेतलेली मुले शिकवणीहून घरी परतत असतात. याच चौकाजवळ माझ्या बहिणीचे घर आहे. तिचा अकरा वर्षांचा मुलगा बोलताना अडखळतो. घरात कमी, परक्यांपुढे अधिक, आणि सर्वांत अधिक स्वतःचे नाव सांगताना. गेल्या वर्षी या मुलाला एक छंद लागला. त्या छंदाविषयी आज, वाचकहो, तुमच्याशी बोलावयाचे आहे. तो तुमच्याही घरी थोडक्या खर्चात सुरू होऊ शकतो, आणि मुलाच्या हाताला, पायांना व जिभेला काम देतो.

छंद असा: इनडोअर फुटबॉल खेळणाऱ्यांची कार्डे घरीच तयार करावयाची आणि त्यांवर त्या खेळाडूंच्या स्वाक्षऱ्या घ्यावयाच्या.

ज्यांची कार्डे कोणी छापत नाही

आज पालक असलेल्या अनेकांना ‘बिग फन’ बबलगमच्या वेष्टनातून निघणारी क्रिकेटपटूंची कार्डे आठवत असतील. गमाची गोडी दोन मिनिटांत संपे. पण धावा आणि बळींचे आकडे जमविण्याची ओढ संपत नसे. युरोपात हेच वेड इटलीतील मोदेना शहरातल्या पानिनी कंपनीने लावले. १९६१ साली स्थापन झालेल्या या कंपनीचा १९७०च्या मेक्सिको विश्वचषकाचा चित्रसंग्रह आजही संग्राहकांना प्रिय आहे. मात्र छापील कार्ड निघते ते नामवंतांचे. बंदिस्त मैदानावर पाच-पाच जणांनी खेळल्या जाणाऱ्या फुटबॉलच्या, म्हणजे फुटसालच्या, आपल्याकडील खेळाडूंच्या वाट्याला ते सहसा येत नाही.

हा खेळ तसा जुना आहे. १९३० साली उरुग्वेच्या राजधानीत, माँटेव्हिडिओ येथे, हुआन कार्लोस सेरियानी या शिक्षकाने वाय.एम.सी.ए.मध्ये त्याची आखणी केली. प्रत्येक संघात गोलरक्षकासह पाच खेळाडू, वीस-वीस मिनिटांचे दोन डाव, आणि नेहमीपेक्षा लहान व कमी उसळणारा चेंडू. जागा लहान असल्याने प्रत्येकाच्या पायाशी चेंडू वारंवार येतो. २०१६ साली ‘प्रीमियर फुटसाल’ ही स्पर्धा भारतात झाली, तेव्हा गोव्याच्या संघाकडून रोनाल्डिन्हो खेळला आणि बंगळुरूविरुद्ध त्याने एकट्याने पाच गोल केले. रोनाल्डिन्होची कार्डे जगभर विकली जातात. त्याच संघांतून खेळलेल्या भारतीय मुलांची नावे मात्र किती जणांना सांगता येतील? पुढे २०२१ साली अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने क्लबांसाठी राष्ट्रीय फुटसाल स्पर्धा सुरू केली, आणि २०२३ साली भारताचा राष्ट्रीय फुटसाल संघही मैदानात उतरला. खेळाडू आहेत, त्यांची कार्डे तेवढी नाहीत.

आपल्या शहरांतूनही आता जाळी व छप्पर घातलेली कृत्रिम गवताची मैदाने झाली आहेत. रात्री दिव्यांखाली तेथे जे तरुण खेळतात, त्यांत कोणी महाविद्यालयात शिकणारा असतो, कोणी दुकानात काम करणारा. त्यांच्याकडे स्वाक्षरी मागायला कोणी जात नाही. तुमचे मूल गेले, तर बहुधा ते पहिलेच असेल.

कार्ड कसे करावे

संग्राहकांच्या कार्डाचे रूढ माप अडीच इंच बाय साडेतीन इंच असते. तीनशे जीएसएमचा पांढरा कार्डपेपर घ्यावा. तो झेरॉक्सच्या दुकानात मिळतो. पुढच्या बाजूस खेळाडूचे छायाचित्र, मागच्या बाजूस त्याची माहिती: नाव, खेळण्याची जागा, जर्सीचा क्रमांक, उजव्या पायाचा की डाव्या, आवडते जेवण. छायाचित्र शक्यतो स्वतः काढावे आणि त्यासाठी खेळाडूची परवानगी अवश्य घ्यावी. खेळाडू वयाने लहान असेल, तर त्याच्या पालकांना विचारावे.

स्वाक्षरीसाठी कार्डाच्या खालच्या भागात फिकट रंगाची रिकामी पट्टी सोडावी. आमची पहिली चार कार्डे चकचकीत फोटोपेपरवर छापली होती. त्यांवर जेल पेनने केलेली सही घरी पोहोचेपर्यंत निळा डाग होऊन बसली. तेव्हापासून कागद खडबडीत व बिनचकाकीचा, आणि पेन बारीक टोकाचे पर्मनंट मार्कर, असे ठरले. बॉलपेनने कागदावर वळ उठतात. सही झाल्यावर कार्ड काही मिनिटे उघडे धरून वाळू द्यावे, मगच प्लास्टिकच्या पाकिटात घालावे. उष्णता देऊन लॅमिनेशन करू नये; शाई पसरण्याचा धोका असतो. उन्हात टांगून ठेवू नये, रंग उडतो. मार्करच्या शाईचा वास उग्र असतो, म्हणून काम करताना खिडकी उघडी असावी.

आणि एक नियम कधी मोडू नये: प्रत्येक खेळाडूची दोन कार्डे करावीत. एक सहीसाठी आपल्याकडे, दुसरे त्या खेळाडूला भेट. जगभरात घरगुती कार्डे करणारे अनेक जण हीच रीत पाळतात. तिच्यामुळे मूल नुसते मागायला जात नाही, काही द्यायलाही जाते. आणि हातात देण्याजोगे काही असले की पाऊल अधिक सहज पुढे पडते.

कधी आणि कसे मागावे

सामन्यापूर्वी शरीर तापविण्याचा व्यायाम चालू असतो, मध्यंतरात खेळाडूला पाणी आणि प्रशिक्षकाचे बोलणे हवे असते. या दोन्ही वेळा टाळाव्यात. सामना संपावा, खेळाडूने श्वास घ्यावा, अंग सैल करण्याचे व्यायाम आटोपावेत, मग पुढे जावे. हरलेल्या संघाकडे त्या दिवशी न गेलेलेच बरे. कोणी नाही म्हटले, तर ‘बरं दादा’ किंवा ‘बरं ताई’ म्हणून परतावे. नकार पचविणे हाही या छंदातील धडाच आहे. मोठ्या माणसाने नजरेच्या टप्प्यात असावे, पण पुढे होऊन मुलाच्या वतीने बोलू नये. मुलाने फोन क्रमांक वा घरचा पत्ता देऊ-घेऊ नये.

जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार पाच ते सतरा वर्षांच्या मुलांना रोज सरासरी साठ मिनिटे तरी दमविणारी हालचाल हवी. कार्डे करून ती होणार नाही, हे उघड आहे. पण जे मूल मैदानाच्या कडेला उभे राहू लागते, त्याच्याकडे कधी ना कधी चेंडू येतोच. आमच्याकडे तो तिसऱ्या आठवड्यात आला. एक गडी कमी होता. भाच्याला आत बोलावले गेले.

अडलेला शब्द

अडखळणे बहुतेक वेळा दोन ते सहा वर्षांच्या दरम्यान सुरू होते. पुष्कळ मुलांचे ते पुढे आपोआप थांबते, काहींचे राहते. ते राहणे हा मुलाचा हट्ट नव्हे, आळस नव्हे आणि बुद्धीची उणीव तर मुळीच नव्हे. अशा वेळी वाचा-उपचारतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा, आणि तो लवकर घ्यावा. कोणताही छंद त्याची जागा घेऊ शकत नाही. घरच्यांनी पाळावयाची पथ्ये मात्र सोपी आहेत: मुलाचे वाक्य आपण पूर्ण करू नये; ‘सावकाश बोल’, ‘पुन्हा म्हण’ असे टोकू नये; त्याच्याकडे पाहत, शब्द येईपर्यंत थांबावे. सांगावयास सोपी, पाळावयास किती कठीण, ते मी त्या रात्री अनुभवले.

भाच्याने पहिले कार्ड केले ते बदली गोलरक्षकाचे. कारण विचारले तर म्हणाला, “तो बाकावर बसलेला असतो. पळून जाणार नाही.” दिवसा यंत्रमागाच्या कारखान्यात काम करणारा, विशीतला तरुण होता तो. माहिती विचारायला भाचा प्रश्न चिठ्ठीवर लिहून घेऊन गेला होता; उत्तरे त्या तरुणाने चिठ्ठीवरच लिहून दिली. पुढच्या आठवड्यात दोन्ही कार्डे घेऊन आम्ही गेलो. त्याने ती उलटसुलट करून पाहिली, जाळीपलीकडच्या मित्राला दाखविली, मग सही केली. आणि पेन तसेच धरून विचारले, “नाव काय तुझं? खाली लिहितो.”

भाच्याचे नाव ‘स’पासून सुरू होते. तो ‘स’ ओठांशी आला आणि तिथेच राहिला. मान ताठ झाली, डोळे मिटले. नाव माझ्या जिभेवर तयार होते. ते सांगून टाकावे, सर्वांची सुटका करावी, असे फार वाटले. तरुणाने माझ्याकडे पाहिले. मी काही बोलले नाही. मग तो बाकावर सरकून बसला, शेजारी जागा केली आणि म्हणाला, “मला घाई नाही. आज मला तसं पण खेळायला घेतलेलं नाही.”

भाचा हसला. हसता हसता नाव बाहेर आले. दोनदा तुटून, पण पूर्ण आले. तरुणाने ते सहीखाली लिहिले.

आज त्याच्या संग्रहात तेवीस कार्डे आहेत. अडखळणे गेलेले नाही. तज्ज्ञांकडे जाणेही चालू आहे. शाळेत मात्र हजेरीला तो आता स्वतः ‘हजर’ म्हणतो, पूर्वी नुसता हात वर करीत असे. आणि त्या गोलरक्षकाने मध्यंतरी सांगितले, की त्याचे कार्ड त्याच्या आईने कपाटाच्या आरशात खोचून ठेवले आहे. आल्यागेल्याला ती ते दाखविते.

येत्या रविवारी तुमच्या मुलाला घेऊन जवळच्या मैदानाच्या कडेला उभे राहा. कार्ड कोणाचे करावयाचे, ते त्यालाच निवडू द्या. मात्र दोन कार्डे करायला विसरू नका.