जवानाचा मान आणि टीकेचा अधिकार

सैन्याच्या कारभारावर बोट ठेवले की जवानाचा अपमान झाला, असे आपण चटकन समजतो. ही समजूत तपासून पाहिली पाहिजे.

1962 साली चीनपुढे आपला पराभव झाला. त्याची चौकशी हेंडरसन ब्रूक्स व भगत या सेनाधिकाऱ्यांनी केली. 2 सप्टेंबर 1963 रोजी संरक्षणमंत्री यशवंतराव चव्हाण यांनी शिक्षण, सामग्री आणि सेनानेतृत्व यांतील उणिवा लोकसभेत मांडल्या. अहवाल मात्र प्रसिद्ध केला नाही. खुद्द मंत्र्यांनी उणिवा सांगितल्या, म्हणून जवानाचे शौर्य उणे झाले काय? उलट, अपुऱ्या कपड्यांनिशी बर्फात लढलेल्या शिपायाची बाजूच त्यातून पुढे आली.

राज्यघटनेचे 19 वे कलम भाषणस्वातंत्र्य देते आणि राज्याच्या सुरक्षिततेसाठी त्यावर वाजवी बंधनेही घालू देते. चालू मोहिमेचे गुपित फोडणे निराळे, झालेल्या चुकीचा जाब विचारणे निराळे. वाशीम जिल्ह्यातील ज्या शेतकऱ्याचा मुलगा सरहद्दीवर आहे, त्याला तर हा अधिकार सर्वांआधी आहे. त्याचा प्रश्न सभेला रुचणार नाही. पण त्याला खाली बसवून आपण जवानाचा मान राखतो, असे आम्हांस वाटत नाही.