धर्म तारक की मारक? वर्गात हा विषय कसा घ्यावा



‘धर्मामुळे समाजाचं भलं जास्त होतं की नुकसान?’ हा वादविवाद स्पर्धेचा जुनाच विषय. एक गट म्हणतो, धर्म माणुसकी शिकवतो. दुसरा म्हणतो, धर्मामुळे दंगली होतात. टाळ्या पडतात, नंबर निघतात आणि मुलं होती तिथंच राहतात. कारण दोन्ही गटांची उदाहरणं खरी असतात. मग मुलांना नेमकं काय द्यायचं? त्यासाठी लांब जायची गरज नाही. आपल्या वारंगा फाट्याच्या आसपासच पुरेसं आहे.

फाट्यावरून नांदेडचा रस्ता धरला की आपण सचखंड गुरुद्वाराला पोहोचतो. गुरू गोविंदसिंगजींनी १७०८ मध्ये इथेच देह ठेवला. लंगरच्या पंगतीत बसणाऱ्याला कुणी जात विचारत नाही, धर्मही विचारत नाही. आता याला एक गोष्ट जोडा. आपल्याच जिल्ह्यातलं नरसी हे संत नामदेवांचं गाव मानलं जातं. शिंपी कुटुंबातल्या या मराठी संताची ६१ पदं शिखांच्या गुरु ग्रंथ साहिबात आहेत. २०१५ चं मराठी साहित्य संमेलन पंजाबातल्या घुमानला भरलं, तेही याच नात्यामुळे. भाषा वेगळी, प्रांत वेगळा, तरी माणसं जोडली गेली. हे धर्माचंच काम.

आता औंढा नागनाथला चला. तिथली आख्यायिका आपल्याकडे घरोघरी सांगतात. नामदेव मंदिरासमोर कीर्तन करत होते. पुजाऱ्यांनी त्यांना तिथून उठवलं. ते मागच्या बाजूला जाऊन गाऊ लागले, तर मंदिरच त्यांच्याकडे फिरलं! देऊळ फिरलं की नाही, हा प्रश्न क्षणभर बाजूला ठेवा. मुलांना एवढंच विचारा: उठवणारे कोण होते? धार्मिकच. आणि गाणारा? तोही धार्मिकच. देव एक, देऊळ एक. मग फरक कशात पडला?

याच प्रश्नावर वर्गाला थोडा वेळ थांबू द्या. मग पंढरपूरची गोष्ट सांगा. संत चोखामेळा मंगळवेढ्याला कुसू कोसळून गेले, ते साल १३३८ मानतात. त्यांची समाधी विठ्ठल मंदिराच्या बाहेर, नामदेव पायरीजवळ आहे. त्यांचे अभंग वारकऱ्यांनी पिढ्यान् पिढ्या गायले. पण त्यांच्या समाजाला मंदिराचं दार बंदच राहिलं. ते उघडावं म्हणून साने गुरुजींनी १ मे १९४७ पासून पंढरपुरात उपोषण केलं आणि दहाव्या दिवशी ते सुटलं. म्हणजे सहाशेहून जास्त वर्षं गेली. पुढे संविधानाच्या कलम १७ ने अस्पृश्यताच रद्द केली. यातून मुलांना एक गोष्ट कळते: संतांनी समतेची भाषा दिली, पण दार आपोआप उघडलं नाही. त्यासाठी माणसांना झगडावं लागलं, कायदाही लागला. आणि हेही सांगा, की डॉ. आंबेडकरांनी अन्याय करणारी व्यवस्था नाकारली, पण धर्मच नको असं म्हटलं नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला त्यांनी बौद्ध धम्म स्वीकारला.

नुकसानीची बाजू झाकू नका. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मधल्या मुंबईच्या दंगलींत ९०० माणसं मेली, असं श्रीकृष्ण आयोगाचा अहवाल सांगतो. त्यात हिंदू होते, मुसलमान होते. बहुतेकांनी कुणाचं काहीच वाकडं केलं नव्हतं.

आपल्या शेतशिवारातलं उदाहरण तर आणखी जवळचं. हळदीत, उसात साप निघतो. साप चावला की एखाद्या घरात अजूनही आधी मांत्रिकाकडे धाव घेतात. विषारी साप असेल तर तेवढ्या वेळात जीव जाऊ शकतो. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानुसार साप, कुत्रा किंवा विंचू चावलेल्याला दवाखान्यात जाण्यापासून रोखून मंत्रतंत्र करणं हा गुन्हा आहे. या कायद्यासाठी अनेक वर्षं झटणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा त्याच वर्षी २० ऑगस्टला खून झाला. दवाखान्याच्या वाटेवर देवाचं नाव घ्यायला कुणाची ना नाही. पण गाडी आधी दवाखान्याकडेच वळली पाहिजे, हे मुलांच्या मनात पक्कं बसवा.

आता ‘धर्म चांगला की वाईट’ याऐवजी मुलांना कुठल्याही प्रथेसाठी तीन प्रश्न द्या:

१. इथे कुणाला बाहेर ठेवलं जातंय का?
२. यामुळे कुणाच्या जिवाला, शरीराला किंवा मानाला धक्का लागतोय का?
३. इथे प्रश्न विचारायला मोकळीक आहे का?

लंगर या कसोटीवर टिकतो. सापाचा मंत्र टिकत नाही. काही प्रथांवर वर्गात मतभेद होतील, होऊ द्या. मात्र एक पथ्य पाळा. ही कसोटी आधी आपल्या स्वतःच्या घरातल्या प्रथेला लावायची, शेजाऱ्याच्या नंतर. नाहीतर तासाचा आखाडा व्हायला वेळ लागत नाही.

शिक्षकांनी आणखी एक ध्यानात ठेवावं. पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येत नाही, असं संविधानाचं कलम २८ सांगतं. धर्माविषयी विचार करायला शिकवणं वेगळं आणि धर्म शिकवणं वेगळं. आपल्या वर्गात एकाच बाकावर वारकऱ्याचं, बौद्धाचं आणि मुसलमानाचं लेकरू बसतं. आपला एखादा सहज मारलेला शेरा त्यातल्या एकाच्या मनात वर्षानुवर्षं राहू शकतो.

पालकहो, घरी पोरगं विचारेल, “आपण हे असं का करतो?” तेव्हा “गप बस, करायचं असतं” म्हणू नका. माहीत असेल तर सांगा, नसेल तर दोघं मिळून शोधा. तिसऱ्या प्रश्नाची सुरुवात घरातूनच होते.